घरच्या कम्प्युटरवरचा ईमेल: इंदूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरांमधून सतत येत राहणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक निवृत्त शिक्षक, बँकेतून किंवा सरकारी खात्यातून बाहेर पडलेले काका, घरून पापड-मसाल्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताई, सोसायट्यांचे आणि मंडळांचे चिटणीस. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, त्यामुळे ‘जरा बघ रे’ म्हणायला घरात कुणी नसतं. म्हणून उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण खाली ती पुन्हा पुन्हा लागणार आहे. मेलची काहीही गडबड झाली की कुठलंही बटण दाबण्याआधी तेच खातं ब्राउझरमध्ये उघडून बघा. मेल तिथे दिसत असेल तर मूळ प्रत सुरक्षित आहे आणि बिघाड फक्त तुमच्या कम्प्युटरपुरता आहे. तिथे दिसत नसेल, तर तुमच्या कम्प्युटरवरची प्रत कदाचित शेवटची असेल. अशा वेळी ‘खातं काढून पुन्हा जोडून बघा’ हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका.

सर्व्हरचे (म्हणजे मेल सांभाळणाऱ्या कंपनीच्या दूरच्या कम्प्युटरचे) पत्ते आणि मेनूंची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची, आणि ‘डॉट’च्या जागी टिंब.

१. ब्राउझरमध्ये मेल दिसतोच की. मग वेगळं सॉफ्टवेअर कशाला?

एकच खातं असेल आणि दिवसाला चार मेल येत असतील तर खरंच गरज नाही. दोन-तीन खाती एकाच खिडकीत बघायची असतील, नेट बंद असताना जुने मेल वाचायचे असतील किंवा वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहाराची एक प्रत आपल्या घरात हवी असेल, तर हवं. माझ्या मते तिसरं कारण सगळ्यांत मोठं आहे. खातं कधी बंद पडलं किंवा कुणी बळकावलं, तर हातात राहते ती ही घरची प्रत.

२. विंडोजमधलं ‘मेल’ अचानक बंद झालं. आता काय वापरू?

मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत येणाऱ्या मेल आणि कॅलेंडर या ॲप्सचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपवला. तुमचे मेल गेलेले नाहीत, ते सर्व्हरवर आहेत. ब्राउझरमध्ये उघडून खात्री करून घ्या.

त्याच्या जागी विंडोज ‘नवं आउटलुक’ पुढे करतं. ते फुकट आहे आणि जोडायला सोपं आहे, पण एक गोष्ट माहीत असू द्या: जीमेल किंवा याहूचं खातं त्यात जोडलं की मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून फिरून तुमच्याकडे येते. जोडताना तशी परवानगी विचारतात आणि बहुतेक जण न वाचताच ‘कंटिन्यू’ दाबतात. हे ज्यांना नको, त्यांनी थंडरबर्ड घ्यावं. तेही फुकट आहे आणि ते थेट तुमच्या मेल सर्व्हरशी बोलतं. घरच्या कम्प्युटरसाठी मी तेच सुचवते, म्हणून पुढची बरीच उत्तरं थंडरबर्ड धरून दिली आहेत. उतरवून घेताना थंडरबर्डच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका.

ऑफिससोबत विकत मिळणारं जुनं, ‘क्लासिक’ आउटलुक ज्यांच्याकडे आहे त्यांनी तेच चालू ठेवायला हरकत नाही. मात्र ते फार जुनं असेल तर प्रश्न ४ वाचा.

३. खातं जोडताना आयमॅप की पॉप असं विचारतं. काय निवडू?

आयमॅप निवडा. घरोघरच्या निम्म्या अडचणी याच एका निवडीतून निघतात, म्हणून दोन्हींत फरक काय ते नीट समजून घ्या.

पॉप १९८४ चं आहे. तेव्हा माणसाकडे एकच कम्प्युटर असायचा आणि जोडणी थोडा वेळच मिळायची. म्हणून पॉप सर्व्हरवरचे मेल उतरवून घेतं आणि, तसं ठरवलेलं असेल तर, सर्व्हरवरून पुसून टाकतं. लायब्ररीतून पुस्तक घरी आणलं की ते तिथल्या कपाटात राहत नाही, तसं. आयमॅपची सुरुवात १९८६ मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी केली. त्यात मूळ मेल सर्व्हरवरच राहतो आणि तुमचा कम्प्युटर, फोन, टॅब हे सगळे त्या एकाच मूळ प्रतीकडे बघत असतात. एका ठिकाणी वाचलं की सगळीकडे ‘वाचलेलं’ होतं. आणि एका ठिकाणी पुसलं की सगळीकडून जातं (प्रश्न ११).

जुन्या कम्प्युटरवर पॉपच चालू असेल तर घाईने काढू नका. आधी सेटिंग्जमध्ये ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ या चौकटीत खूण आहे का ते बघा. नसेल, तर गेल्या कित्येक वर्षांचे मेल फक्त त्याच कम्प्युटरवर असण्याची शक्यता आहे. खातं काढण्याआधी प्रश्न १४ मध्ये दिलीय तशी प्रत करून घ्या.

४. पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमध्ये चालतो, पण सॉफ्टवेअर ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणतं. असं कसं?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच. पासवर्ड खरोखर बरोबर असतो, पण नुसता पासवर्ड देऊन आत जाण्याची जुनी पद्धत मोठ्या कंपन्यांनी बंद केली आहे. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती ३० मे २०२२ पासून बंद केली, तर आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलच्या खात्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून. याहूही सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचा पासवर्ड घेत नाही.

आता दोन रस्ते आहेत. पहिला ओऑथचा. सॉफ्टवेअर एक छोटी खिडकी उघडतं, त्यात गूगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचंच पान दिसतं, तिथे लॉगिन करून ‘अलाउ’ म्हणायचं. थंडरबर्डमध्ये नवं खातं जोडताना हे आपोआप होतं. खातं जुनं असेल तर अकाउंट सेटिंग्ज, मग सर्व्हर सेटिंग्ज उघडा आणि ‘ऑथेंटिकेशन मेथड’मध्ये ‘नॉर्मल पासवर्ड’ काढून ‘ओऑथ २’ करा. हाच बदल खाली आउटगोइंग (मेल नेणाऱ्या) सर्व्हरमध्येही करावा लागतो, आणि तो करायचा बहुतेक जण विसरतात. मग मेल येतात पण जात नाहीत (प्रश्न ७). लॉगिनची खिडकी कोरी दिसली किंवा लगेच मिटली, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये कुकीज बंद असतात. त्या चालू करा.

दुसरा रस्ता ॲप पासवर्डचा. ज्या जुन्या सॉफ्टवेअरला ओऑथ येत नाही, उदाहरणार्थ ऑफिस २०१० मधलं आउटलुक, त्यासाठी गूगल आणि याहू एक वेगळा पासवर्ड तयार करून देतात. गूगलचा १६ अक्षरांचा असतो. तो नेहमीच्या पासवर्डच्या जागी एकदाच टाकायचा. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यांना मात्र हा रस्ता उरलेला नाही. ओऑथ न येणाऱ्या सॉफ्टवेअरला तिथे प्रवेशच नाही, तेव्हा सॉफ्टवेअर बदलणं हाच इलाज.

५. गूगलमध्ये ‘ॲप पासवर्ड’ हा पर्यायच सापडत नाही.

आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, उदाहरणार्थ फोनवरचा कोड) चालू करावं लागतं, त्याशिवाय तो पर्याय दिसत नाही. ते चालू असूनही दिसत नसेल तर बहुधा खातं शाळेचं किंवा ऑफिसचं असतं आणि तिथल्या प्रशासकाने तो बंद ठेवलेला असतो.

आणखी एक: गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात की आधीचे सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. ‘काल पासवर्ड बदलला आणि आज आउटलुक बंद पडलं’ याचं कारण तेच. नवा ॲप पासवर्ड करून टाका.

६. सर्व्हरचे पत्ते आणि पोर्ट हाताने भरायचे आहेत. काय भरू?

येणाऱ्या मेलसाठी तिन्ही कंपन्यांचं पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) ९९३ आणि सुरक्षा (जोडणी सांकेतिक करण्याची पद्धत) एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्या मेलसाठी ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. ही जोडी उलटसुलट केली की सॉफ्टवेअर नुसतं गोल फिरत राहतं.

- जीमेल: येणारे आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम; जाणारे एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, ४६५ किंवा ५८७
- याहू: येणारे आयमॅप डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम, जाणारे एसएमटीपी डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम, ४६५ किंवा ५८७
- आउटलुक आणि हॉटमेल: येणारे आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, जाणारे एसएमटीपी-मेल डॉट आउटलुक डॉट कॉम, ५८७

युजरनेमच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता भरा, ॲटच्या चिन्हासकट.

७. मेल येतात, पण पाठवलेले आउटबॉक्समध्येच पडून राहतात.

मेल आणणारा आणि नेणारा सर्व्हर वेगवेगळा असतो. एकाची सेटिंग बरोबर असली म्हणून दुसऱ्याची असेलच असं नाही. आधी प्रश्न ४ मधला आउटगोइंग सर्व्हरचा बदल बघा. मग पोर्ट बघा. जुन्या सेटिंग्जमध्ये २५ नंबरचं पोर्ट असतं आणि कचरा-मेल रोखण्यासाठी ते अनेक इंटरनेट कंपन्या घरच्या जोडणीवर अडवून ठेवतात. तिथे ५८७ करा.

सेटिंग्ज बरोबर असतील तर आउटबॉक्समध्ये एखादा जड मेल अडकलेला असतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण जोडलेली फाइल पाठवताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे १८-१९ एमबीच्या वरचं काही पाठवायला गेलात तर अडणारच. नातवाच्या मुंजीचे फोटो, सोसायटीच्या ऑडिटचं स्कॅन, मंडळाच्या दिवाळी अंकाची पीडीएफ, सगळीकडे हीच कथा. तो मेल आउटबॉक्समधून काढा, फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा आणि तिची लिंक पाठवा.

८. ‘सर्टिफिकेट अमान्य आहे, अपवाद करायचा का’ असं विचारतं. हो म्हणू का?

नाही. आधी स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात तारीख बघा. २०१५ किंवा तसलंच काही दिसतंय? मग मेलमध्ये काहीच बिघाड नाही. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारा दाखला, त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कम्प्युटरचं घड्याळ मागे गेलं की त्याच्या हिशेबाने सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा आणि सॉफ्टवेअर बंद करून उघडा.

लाइट गेली किंवा मेन स्विच बंद केला की तारीख दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. तिचं नाव सीआर २०३२. आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कुठल्याही कम्प्युटरच्या दुकानात मिळते आणि स्वस्त असते. एवढ्यासाठी कुणी विंडोज नव्याने टाकायला सांगत असेल तर टाकू नका.

तारीख बरोबर असूनही सूचना येत असेल तर बहुधा अँटिव्हायरसचं ‘मेल स्कॅन’ मध्ये पडलेलं असतं. ते तेवढ्यापुरतं बंद करून बघा. रेल्वे स्टेशन, हॉटेल अशा ठिकाणच्या वायफायवर ही सूचना आली तर मात्र मेल तिथे उघडूच नका.

९. फोनवर मेल लगेच येतो, कम्प्युटरवर उशिरा, किंवा येतच नाही.

उशिरा येत असेल तर सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘दर १० मिनिटांनी तपासा’ ही नोंद आणि ‘इमिजिएट सर्व्हर नोटिफिकेशन्स’ची चौकट बघा. दुसरीत खूण असली की सर्व्हर स्वतःहून कळवतो.

येतच नसेल तर या क्रमाने बघा. थंडरबर्ड चुकून ‘ऑफलाइन’ केलेलं आहे का? मेल स्पॅममध्ये आहे का? तुम्ही कधी काळी केलेल्या एखाद्या फिल्टरने तो दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला का? तो फोल्डर ‘सबस्क्राइब’ केलेला, म्हणजे कम्प्युटरवर दाखवायला निवडलेला, आहे का? जीमेलच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक लेबलासमोर (जीमेलमध्ये फोल्डरच्या जागी लेबलं असतात, प्रश्न १०) ‘शो इन आयमॅप’ अशी चौकट असते. ती रिकामी असली तर ते लेबल कम्प्युटरवर कधीच येणार नाही. शिवाय फोल्डरमध्ये ठरावीक संख्येपेक्षा जास्त मेल दाखवू नका, अशी मर्यादाही तिथेच घालता येते. जुने मेल दिसत नसतील तर ती बघा.

ब्राउझरमधले ‘प्रमोशन्स’, ‘सोशल’ हे कप्पे आयमॅपमध्ये वेगळे येत नाहीत. ते सगळं इनबॉक्समध्येच येतं. ‘घरच्या कम्प्युटरवर जाहिराती का दिसतात’ याचं उत्तर एवढंच.

१०. खातं जोडल्यापासून डाउनलोड संपतच नाही, आणि एकच मेल दोन-तीन ठिकाणी दिसतो.

दोन्हींचं मूळ एकच आहे. जीमेलमध्ये खरे फोल्डर नसतात, लेबलं असतात. एका मेलला ‘बँक’ आणि ‘महत्त्वाचं’ अशी दोन लेबलं असली की आयमॅपला तो दोन्ही फोल्डरमध्ये दिसतो, आणि ‘ऑल मेल’मध्ये तिसऱ्यांदा. सॉफ्टवेअर बिचारं तिन्ही उतरवत बसतं. ‘ऑल मेल’ची सबस्क्रिप्शन काढली की भार एकदम उतरतो. यातली एक प्रत ‘जास्तीची’ समजून पुसू नका, मेल एकच आहे.

शिवाय आयमॅपने एका दिवसात किती उतरवायचं याला गूगलची मर्यादा आहे, साधारण अडीच जीबी. पंधरा-वीस वर्षांचं खातं असेल तर दोन-चार दिवस लागणारच. कम्प्युटर चालू ठेवा आणि वाट बघा. मध्येच खातं काढून पुन्हा जोडलंत तर पहिल्यापासून सुरू होईल.

११. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मेल पुसले, ते कम्प्युटरवरूनही गेले! परत मिळतील का?

आयमॅप असल्यामुळे ते होणारच (प्रश्न ३). जीमेलच्या बिनमध्ये (कचरापेटीत) ३० दिवस मेल राहतात. लगेच ब्राउझरमध्ये बिन उघडा आणि हवे ते इनबॉक्समध्ये हलवा. बिन रिकामी केली असेल तर कम्प्युटरचं नेट ताबडतोब काढा आणि मगच मेल सॉफ्टवेअर उघडा. त्याने अजून सिंक केलेलं (सर्व्हरशी जुळवून घेतलेलं) नसेल तर जुनी प्रत तिथे सापडू शकते. सापडली तर हवे ते मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये (फक्त तुमच्या कम्प्युटरवर राहणाऱ्या फोल्डरांत) कॉपी करा आणि नंतरच नेट जोडा.

फोनची जागा मोकळी करायची असेल तर मेल पुसायची गरज नसते. फोनवर किती दिवसांचे मेल ठेवायचे ते ॲपच्या सेटिंग्जमध्ये कमी करा.

१२. ‘स्टोरेज भरलं’ असं येतं आणि मेल येणं बंद झालं.

गूगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात. ते भरले की मेल येत नाही आणि जातही नाही. पाठवणाऱ्याला मेल परत जातो. बहुतेक घरांत जागा फोटो आणि व्हिडिओंनी खाल्लेली असते, त्यामुळे आधी तिकडे बघा.

मेलच कमी करायचे असतील तर थंडरबर्डमध्ये आकारमानाने क्रम लावा आणि सगळ्यांत जड असलेले ‘लोकल फोल्डर्स’मध्ये हलवा. हलवून झाल्यावर ब्राउझरमध्ये ‘ऑल मेल’ही बघा. जीमेलच्या सेटिंगप्रमाणे मेल इनबॉक्समधून गेला तरी तिथे राहिलेला असतो आणि जागा सुटत नाही. आणि एकदा तिथून गेला की तुमच्या कम्प्युटरवरची प्रत ही एकमेव प्रत असते. ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१३. पावसात लाइट गेली. आता फोल्डर रिकामे दिसतात किंवा सॉफ्टवेअर उघडतच नाही.

घाबरू नका, मेल बहुधा जागेवर असतात. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरची एक यादी वेगळ्या फाइलीत ठेवतं आणि मेल वेगळ्या फाइलीत. वीज जाते तेव्हा यादी बिघडते. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग ‘रिपेअर फोल्डर’. यादी नव्याने तयार होते. ‘थंडरबर्ड आधीच चालू आहे’ असा निरोप येत असेल तर कम्प्युटर एकदा पूर्ण बंद करून चालू करा.

क्लासिक आउटलुकमध्ये मेल पीएसटी नावाच्या एकाच मोठ्या फाइलीत असतात. ती दुरुस्त करायला ‘स्कॅनपीएसटी’ नावाचं साधन आउटलुकसोबतच येतं. चालवण्याआधी पीएसटीची प्रत काढून ठेवा, कारण दुरुस्ती करताना ते बिघडलेला भाग टाकूनही देतं. २००२ किंवा त्याआधीच्या आउटलुकमध्ये तयार झालेली पीएसटी २ जीबीला भरते. आउटलुक २०१० पासून पुढच्यांची मर्यादा ५० जीबी आहे. जुनी फाइल वर्षानुवर्षं तशीच पुढे चालवत आला असाल तर नवी पीएसटी करून मेल तिच्यात हलवा.

मेल पुसले तरी थंडरबर्डची फाइल लगेच लहान होत नाही, त्यासाठी ‘कॉम्पॅक्ट’ करावं लागतं. त्या वेळी अख्खी फाइल नव्याने लिहिली जाते. आभाळ भरून आलेलं असताना आणि यूपीएस नसताना कॉम्पॅक्ट करू नका.

१४. नवा कम्प्युटर घेतला. जुने मेल कसे न्यायचे?

आयमॅप असेल तर नव्या कम्प्युटरवर खातं जोडा, सर्व्हरवरचं सगळं आपोआप येईल. न्यावे लागतात ते ‘लोकल फोल्डर्स’ आणि पॉपने उतरवलेले मेल.

थंडरबर्डमध्ये हेल्प मेनूतून ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा. तिथे ‘प्रोफाइल फोल्डर’समोर तो उघडायचं बटण आहे. थंडरबर्ड बंद करा आणि तो अख्खा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. त्यात मेल, पत्ते, सेटिंग्ज आणि जपून ठेवलेले पासवर्डही असतात, त्यामुळे ती डिस्क कुणाला देऊ नका. आउटलुकवाल्यांनी पीएसटी फाइल न्यावी.

नव्या कम्प्युटरवर चार-सहा जुने मेल उघडून, त्यातल्या जोडलेल्या फाइलीही उघडून बघा. त्यानंतरच जुना कम्प्युटर फॉरमॅटला द्या. दुकानदार ‘सगळा डेटा घेतलाय’ म्हणतो तेव्हा त्याने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतलेले असतात. प्रोफाइल फोल्डर लपलेल्या जागी असतो, तो राहून जातो.

१५. मराठी मेल वाचताच येत नाही, भलतीच अक्षरं दिसतात.

इंदूरमध्ये हा प्रश्न जरा जास्तच येतो. घरचा पत्रव्यवहार मराठीत, ऑफिसचा हिंदीत, आणि दोन्हीकडे जुने फॉन्ट वर्षानुवर्षं चालत आले. नक्की काय दिसतं, त्यावरून इलाज ठरतो.

इंग्रजी ‘ए’वर तिरकी रेघ आणि शेजारी चार शिंगांचं गोल चिन्ह, हीच जोडी सारखी दिसत असेल, तर मेल अस्सल युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या प्रमाण संकेतात) आहे, सॉफ्टवेअरने तो फक्त चुकीच्या संकेतात वाचला आहे. थंडरबर्डच्या व्ह्यू मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ आहे, ते दाबा. बहुतेकदा मेल लगेच देवनागरीत दिसतो.

साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं यांची निरर्थक माळ दिसत असेल, तर मजकूर कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो आतून खरोखर इंग्रजी अक्षरांतच साठवलेला असतो आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचा वेष चढवतो. इथे एन्कोडिंग बदलून उपयोग नाही. तो नेमका फॉन्ट असेल तर मजकूर वर्डमध्ये चिकटवून फॉन्ट लावा, नाहीतर त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक वापरा. कृतिदेवचे परिवर्तक सहज मिळतात. जोडाक्षरं आणि रफार मात्र नजरेखालून घाला, ते हमखास बिघडतात.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मूळ अक्षरं वाटेतच नष्ट झाली आहेत. ती कुठल्याही युक्तीने परत येणार नाहीत, पाठवणाऱ्याकडूनच पुन्हा मागवा. रिकामे चौकोन दिसत असतील तर कम्प्युटरवर देवनागरी फॉन्ट नाही.

मंडळाच्या चिटणिसांना माझी कळकळीची विनंती आहे: निमंत्रणं आणि वृत्तांत आता युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मेल शोधल्यावर सापडत नाही, फोनवर उघडत नाही, आणि आपल्याकडच्या मराठी संस्थांचा कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार अशा फाइलींमध्ये अडकून पडला आहे. तो उलगडून ठेवायला हवा.

१६. लॉगिन करताना कोड मुलीच्या फोनवर पुण्याला जातो. ती मीटिंगमध्ये असली की अडतं.

खातं उघडून देताना तिने आपला नंबर टाकलेला असतो. एकदा दोघींनी वेळ काढून सुरक्षा सेटिंग्जमध्ये तुमचा नंबर घाला, तिचा दुसरा म्हणून राहू द्या. गूगलमध्ये ‘बॅकअप कोड्स’ही घ्या: ८ अंकी १० कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. त्याच मेलमध्ये ठेवले तर गरजेच्या वेळी हाती लागणार नाहीत. मोबाइल नंबर बदलण्याआधी हे करा, नंतर फार अवघड जातं.

१७. नेटवर ‘जीमेल कस्टमर केअर’चा नंबर मिळाला, फोन केला तर त्यांनी एक ॲप टाकायला सांगितलं.

टाकू नका. टाकलं असेल तर नेट बंद करा, ते ॲप काढा, दुसऱ्या कम्प्युटरवरून मेलचा पासवर्ड बदला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. फसलेल्या माणसाला घरात कुणी बोल लावू नका. लाजेपोटी लोक गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे पुढे सरकतात.

१८. मंडळाचं एकच खातं आम्ही पाच जण वापरतो. मधूनच ‘खूप जास्त कनेक्शन्स’ असं येतं.

जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्या देतं. थंडरबर्ड एकटंच ५ पर्यंत उघडतं. म्हणजे तीन कम्प्युटर झाले की कोटा संपला, आणि त्यावर फोन आहेतच. गणेशोत्सवाच्या आठवड्यात सगळे एकदम बसतात तेव्हाच हे होतं. प्रत्येकाने सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ उघडून जोडण्यांची संख्या २ करावी.

एकाने वाचलेला मेल सगळ्यांना ‘वाचलेला’ दिसणारच. ज्याने उत्तर द्यायचं त्याने मेलवर तारा लावायचा, असं काहीतरी ठरवून घ्या. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदला आणि रिकव्हरीचा नंबरही. जुन्या चिटणिसांचा नंबर राहून गेल्यामुळे खातं हातचं गेल्याची उदाहरणं आहेत.

१९. वडील गेले. त्यांच्या कम्प्युटरवर मेल अजून उघडतो. ते सगळे मेल जपून ठेवायचे आहेत.

कम्प्युटर फॉरमॅट करू नका, पासवर्ड बदलायचा प्रयत्न करू नका आणि त्यांचं सिम लगेच बंद करू नका. पासवर्ड बदलला की उघडं असलेलं सॉफ्टवेअर बाहेर फेकलं जाऊ शकतं, आणि सिम नसेल तर पुन्हा आत जाता येत नाही.

आईशी आणि भावंडांशी बोलून मगच मेलना हात लावा. मग सिंक्रोनायझेशनच्या सेटिंग्जमध्ये सगळ्या फोल्डरचे मेल या कम्प्युटरवर ठेवण्याची चौकट भरा. नाहीतर नुसती शीर्षकं उतरलेली असतात आणि मजकूर सर्व्हरवरच राहतो. सगळं उतरलं की हवे ते ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करा. हलवू नका, कॉपीच करा. आणि प्रोफाइल फोल्डरच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा (प्रश्न १४).

हे लांबणीवर टाकू नका. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल पुसून टाकू शकतं, आणि डिसेंबर २०२३ पासून ते काम सुरू झालं आहे. खातं उघडत नसेल तर मृत व्यक्तीच्या खात्यासाठी गूगलकडे अर्ज करता येतो. त्याला मृत्यूचा दाखला लागतो. गूगल पासवर्ड देत नाही, मात्र काही प्रसंगी खात्यातला मजकूर देण्याचा विचार करतं. स्वतःच्या खात्यासाठी तुम्ही आजच ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ भरून ठेवू शकता: खातं किती महिने शांत राहिलं की कुणाला कळवायचं आणि त्यांना काय काय बघता यावं, ते तिथे नावानिशी ठरवता येतं.